ॲलर्जीची गोळी: चिठ्ठीने घ्यावी की चिठ्ठीशिवाय? लाभार्थ्यांनी समजून घ्यायच्या गोष्टी

थोडक्यात

• शिंका, नाकातून पाणी आणि डोळ्यांना खाज, म्हणजे परागकण किंवा धुळीच्या ॲलर्जीचा त्रास असेल, तर थोड्या दिवसांसाठी एकाच औषधाची साधी गोळी बहुतेक निरोगी प्रौढांना पुरते.
• त्रास दरवर्षी किंवा महिनोन्‌महिने होत असेल, तर सरकारी दवाखान्यातून चिठ्ठी घ्या. चिठ्ठी असेल तर अनेक ठिकाणी औषध मोफत मिळते. चिठ्ठीशिवाय घेतलेल्या गोळीचे पैसे नेहमी स्वतःच्या खिशातून जातात.
• पाच लाखांचे आरोग्य कार्ड या गोळ्यांसाठी चालत नाही. ते रुग्णालयात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे.
• दुकानात “सर्दीची गोळी द्या” म्हणू नका. “ॲलर्जीची गोळी, एकाच औषधाची” असे म्हणा. कारण पुढे दिले आहे.

हा विषय आत्ता का

गेल्या दोन-तीन वर्षांत सर्दी आणि ॲलर्जीच्या औषधांबाबत सरकारचे एकामागून एक निर्णय आले. डिसेंबर २०२३ मध्ये देशाच्या औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन ही दोन औषधे एकत्र असलेले मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे बजावले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली. त्यांत ॲलर्जीचे औषध, तापाचे औषध आणि नाक मोकळे करणारे औषध एकाच गोळीत घातलेली काही मिश्रणेही होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला.

त्याच सुमारास मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात सर्दी-खोकल्याच्या सिरपमुळे वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार चालू होते. सिरपमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडले. यानंतर, घरगुती औषधे म्हणून सवलतीने विकल्या जाणाऱ्या यादीतून सिरप वगळण्याचा मसुदा केंद्राने २०२५ च्या अखेरीस काढला.

या घटनेचा अर्थ नीट लावला पाहिजे. ते सिरप अनेक मुलांना डॉक्टरांनीच लिहून दिले होते. मूळ दोष कारखान्यातला होता. म्हणजे चिठ्ठी असली की सगळे सुरक्षित, असे समजून चालणार नाही. पण त्या सिरपमध्ये जी तीन औषधे एकत्र होती, त्यांतली दोन लहान मुलांना एकत्र देऊ नयेत हे आधीच सांगितले गेले होते. ही सूचना घराघरापर्यंत पोहोचलीच नाही. चिठ्ठी असो वा नसो, गोळीत किंवा बाटलीत काय आहे हे घेणाऱ्याला कळले पाहिजे. या लेखाचा हेतू तोच आहे.

कायद्यात “चिठ्ठीशिवायची गोळी” असा वर्ग आहे का?

भारतात औषधांची विक्री १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे १९४५ चे नियम यांनुसार चालते. या नियमांत चिठ्ठीशिवाय विकायच्या औषधांची स्वतंत्र यादी नाही. आहेत ती वेगवेगळी शेड्यूल, म्हणजे नियमांना जोडलेल्या याद्या.

शेड्यूल एच: यातली औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची असतात. पाकिटाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात आरएक्स ही खूण असते आणि खाली चिठ्ठीबद्दलचा इशारा छापलेला असतो.

शेड्यूल एच-१: ही यादी २०१४ पासून लागू आहे. यातली औषधे विकताना दुकानदाराला डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे ठेवावी लागते.

शेड्यूल जी: ॲलर्जीची अनेक जुनी औषधे या यादीत आहेत. यांच्या पाकिटावर “वैद्यकीय देखरेखीशिवाय हे औषध घेणे धोक्याचे आहे” या अर्थाचा इशारा असतो.

शेड्यूल के: यात घरगुती औषधांची यादी आहे. पॅरासिटामॉल, वेदनाशामक बाम, खोकल्याच्या चघळायच्या गोळ्या अशी औषधे लहान गावांत काही अटींवर परवान्याशिवाय विकता येतात. ॲलर्जीच्या गोळ्या या यादीत नाहीत. म्हणून किराणा दुकानात किंवा पानटपरीवर ॲलर्जीची गोळी मिळत असेल, तर ती घेऊ नका. तिथे औषध कुठून आले आणि कसे ठेवले याला कोणी जबाबदार नसते.

मे २०२२ मध्ये केंद्राने १६ औषधे चिठ्ठीशिवाय विकू देण्याचा मसुदा काढला होता. त्यात डायफेनहायड्रामिन हे ॲलर्जीचे औषध आणि नाकात टाकायची काही औषधे होती. पाच दिवसांपेक्षा जास्त वापर नको आणि तोवर बरे वाटले नाही तर डॉक्टरांकडे जावे, अशी अट त्यात होती. तो मसुदा होता. पण पाच दिवसांची ती अट घरी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

परदेशात राहणारे नातेवाईक सांगतात की तिकडे ही गोळी कुठेही सहज मिळते. ते खरे आहे, पण तिकडेही ती पूर्वी चिठ्ठीवरच मिळत असे. अमेरिकेत लोराटाडिन २००२ मध्ये, सेटिरिझिन २००७ मध्ये आणि फेक्सोफेनाडिन २०११ मध्ये चिठ्ठीतून मुक्त झाले. ब्रिटनमध्ये फेक्सोफेनाडिनची १२० मिलिग्रॅमची गोळी २०२० च्या अखेरीस मोकळी झाली. गोळी तीच राहिली, नियम बदलला. चिठ्ठीची गोळी जास्त जोराची आणि बिनचिठ्ठीची गोळी कमी जोराची, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. चिठ्ठीचा अर्थ एवढाच की हे औषध तुम्हाला चालेल का, हे जाणकार माणसाने एकदा तपासले आहे.

“सर्दी” या शब्दामुळे होणारा घोटाळा

बराकपूर हे कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीकाठी वसलेले छावणीचे गाव. इथे लष्करातल्या नोकरीमुळे आलेली मराठी कुटुंबे राहतात. कोलकात्याच्या सराफी पेठेत सोने गाळण्याचे काम करणारे विटा-खानापूरकडचे गलाई कामगारही पिढ्यान्‌पिढ्या या भागात आहेत. इथली हवा दमट. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत पश्चिम बंगालची जी सात शहरे आहेत, त्यांत बराकपूरही आहे. टिटागडपासून पुढे जूटच्या गिरण्यांचा पट्टा लागतो. महाराष्ट्राच्या कोरड्या भागातून इथे आलेल्या माणसाला पहिल्याच वर्षी शिंका सुरू झाल्या, तर त्यात नवल नाही.

महाराष्ट्रात या त्रासाचे एक ओळखीचे कारण गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत. ते १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदले गेले आणि मग देशभर पसरले. बंगालच्या दमट हवेत गाद्या, उशा आणि पडद्यांतले धुळीतले सूक्ष्म किडे हे मोठे कारण ठरते. शरदात नदीकाठी फुलणाऱ्या काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांना लोक दोष देतात. पण डोळ्यांना दिसणारा कापूस सहसा त्रास देत नाही. त्रास देणारे परागकण डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक असतात.

आता शब्दाकडे येऊ. मराठीत व्हायरसमुळे होणारे पडसे आणि ॲलर्जीने वाहणारे नाक, दोन्हीला आपण “सर्दी” म्हणतो. बांगला भाषेतही जवळजवळ हाच शब्द आहे. त्यामुळे बराकपूरच्या दुकानात मराठी माणसाने “सर्दी” म्हटले की दुकानदाराला लगेच कळते, आणि तिथेच फसगत होते. तो पडशाची गोळी देतो. त्या गोळीत बहुधा तापाचे पॅरासिटामॉल, नाक मोकळे करण्यासाठी फिनाइलएफ्रिन आणि झोप आणणारे क्लोरफेनिरामिन अशी तीन औषधे असतात. ॲलर्जी असलेल्या माणसाला ताप नसतो, म्हणून पॅरासिटामॉल फुकट पोटात जाते. फिनाइलएफ्रिन रक्तदाब असलेल्यांना त्रासाचे ठरू शकते. शिवाय ते तोंडाने घेतल्यावर नाक मोकळे करण्यात उपयोगाचे नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये काढला.

या पोर्टलची पाने मराठीत आणताना “ॲलर्जिक ऱ्हायनायटिस”साठी एक सोपा शब्द शोधावा लागतो. “सर्दी” लिहिले की वाचणाऱ्याला लगेच कळते, पण दुकानात त्याला चुकीची गोळी मिळते. म्हणून इथे आम्ही “ॲलर्जीची सर्दी” असे दोन शब्द वापरतो. तुम्हीही दुकानात आणि दवाखान्यात हेच दोन शब्द वापरा.

दोन्हींतला फरक असा ओळखा:

• पडसे: घसा दुखतो, अंग मोडून येते, कधी ताप येतो. साधारण आठवडा-दहा दिवसांत उतरते. घरात एकाचे दुसऱ्याला होते.
• ॲलर्जीची सर्दी: सकाळी उठल्यावर किंवा झाडलोट करताना लागोपाठ शिंका येतात. नाक, डोळे, टाळू खाजतात. नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव येतो. ताप नसतो. आठवडेच्या आठवडे चालते, किंवा दरवर्षी त्याच मोसमात परत येते.

कोणत्या गटातली गोळी कशी आहे

ब्रँडचे नाव लक्षात ठेवू नका. पाकिटावर औषधाचे मूळ नाव छापलेले असते, ते वाचा किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या.

१. झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या: क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, डायफेनहायड्रामिन. स्वस्त आहेत, पण सुस्ती आणतात. रिक्षा, टोटो किंवा ट्रक चालवणाऱ्यांनी, गिरणीत यंत्रावर किंवा उंचावर काम करणाऱ्यांनी या घेऊन कामावर जाऊ नये. प्रोस्टेट वाढलेल्या वयस्कर पुरुषांची लघवी अडू शकते. काचबिंदू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. दारूबरोबर तर मुळीच नकोत.

२. नव्या, कमी झोप आणणाऱ्या गोळ्या: सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन. दिवसातून साधारण एकदाच घ्यायच्या असतात. सेटिरिझिनने काहींना पेंग येते, म्हणून ती रात्री घेतलेली बरी. फेक्सोफेनाडिनने पेंग सर्वांत कमी येते. ती पाण्याबरोबर घ्यावी, फळांच्या रसाबरोबर घेतल्यास असर कमी होतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर या गोळ्यांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे लागते. सेटिरिझिन २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, म्हणून तिच्या किमतीवर सरकारची कमाल मर्यादा असते.

या गटाबद्दल एक नवी गोष्ट समजली आहे. सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन महिनोन्‌महिने रोज घेऊन एकदम थांबवल्यावर काही थोड्या लोकांना अंगभर तीव्र खाज सुटते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये दिला. चार-पाच दिवस गोळी घेणाऱ्याने यामुळे घाबरू नये. मात्र वर्षभर स्वतःच्या मनाने रोज गोळी घेणाऱ्याने डॉक्टरांना दाखवण्याचे हे पुरेसे कारण आहे.

३. मॉन्टेलुकास्ट असलेल्या जोडगोळ्या: मॉन्टेलुकास्ट आणि लेव्होसेटिरिझिन एकत्र असलेली गोळी आपल्याकडे भरपूर खपते. दुकानदारही ती सर्रास सुचवतात. मॉन्टेलुकास्टमुळे काहींना बेचैनी, भयंकर स्वप्ने, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार असा त्रास होतो. म्हणून मार्च २०२० मध्ये अमेरिकेत त्यावर सर्वांत कडक इशारा छापणे बंधनकारक झाले, आणि साध्या औषधांनी भागत असेल तर ॲलर्जीच्या सर्दीला हे देऊ नये असे सांगण्यात आले. दम्याच्या रुग्णांना याचा उपयोग असतो. पण तो निर्णय डॉक्टरांचा आहे. ही गोळी चिठ्ठीशिवाय घेऊ नका. चालू असेल आणि मनाची अवस्था बदलल्यासारखी वाटली, तर लगेच डॉक्टरांना सांगा.

४. स्टेरॉइड: इथे दोन प्रकार नीट वेगळे करा. नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे हा रोजच्या, चिवट त्रासावरचा सर्वांत गुणकारी उपाय मानला जातो. तो नाकापुरताच काम करतो आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतल्यास सुरक्षित आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या, इंजेक्शन किंवा पुडीत बांधून दिलेल्या नाव नसलेल्या गोळ्या ही मात्र निराळी गोष्ट. पहिल्या दिवशी चमत्कार झाल्यासारखे वाटते, पण वारंवार घेतल्यास साखर व रक्तदाब वाढतो आणि हाडे ठिसूळ होतात. नाव नसलेली पुडी कोणाकडूनही घेऊ नका.

नाक मोकळे करणारे थेंब, म्हणजे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन, पाच दिवसांच्या आत बंद करा. जास्त दिवस टाकले तर थेंब थांबवताच नाक आणखी चोंदते आणि माणसाला त्यांची सवय लागते.

पैशांचा हिशेब: कोणती योजना काय देते

अनेक कुटुंबांना वाटते की आरोग्य कार्ड आहे म्हणजे गोळ्याही त्यातून मिळतील. असे होत नाही. आयुष्मान भारत, पश्चिम बंगालची स्वास्थ्य साथी, महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, यांतले ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी असते. बाह्यरुग्ण विभागातल्या गोळ्या त्यात बसत नाहीत. मग गोळ्या कुठे मिळतात?

सरकारी रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग: पश्चिम बंगालमध्ये सरकारी रुग्णालयांत डॉक्टरांनी लिहिलेली, साठ्यात असलेली औषधे मोफत मिळतात. बराकपूरमध्ये यासाठी डॉ. बी. एन. बोस उपविभागीय रुग्णालय आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि औषधोपचार निःशुल्क आहेत. इथे मोफत गोळीची किल्ली म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी. खिडकीवर नुसती गोळी मागून मिळत नाही.

ईएसआय: महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या, ईएसआय लागू असलेल्या कारखान्यातल्या किंवा दुकानातल्या कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधेही मिळतात. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. जूट पट्ट्यातले अनेक कामगार ही वर्गणी वर्षानुवर्षे भरतात आणि ॲलर्जीची गोळी मात्र बाहेरून विकत घेतात. ईएसआय कार्ड असेल तर आधी तुमच्या नेमलेल्या ईएसआय डॉक्टरांकडे किंवा दवाखान्यात जा.

माजी सैनिक: ईसीएचएस सदस्यांना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांना पॉलिक्लिनिकमधून तपासणी व औषधे मिळतात.

फोनवरून किंवा गावच्या केंद्रातून सल्ला: ई-संजीवनी या केंद्राच्या सेवेत डॉक्टरांशी मोफत बोलता येते आणि चिठ्ठी मोबाइलवर येते. पश्चिम बंगालमध्ये सुस्वास्थ्य केंद्रांतून २०२१ पासून स्वास्थ्य इंगित ही अशीच सेवा चालते. महाराष्ट्रात आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी डॉक्टरांशी जोडून देतात. रांगेत दिवस घालवणे परवडत नसेल तर हा मार्ग आधी वापरून पाहा.

जनऔषधी केंद्र: प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजनेच्या केंद्रांत दोन हजारांहून अधिक औषधे ब्रँडच्या तुलनेत निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीत मिळतात. तिथे उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार काहीही लागत नाही. शेड्यूल एचमधल्या औषधांसाठी तिथेही चिठ्ठी लागते. जवळचे केंद्र आणि किंमत “जनऔषधी सुगम” या ॲपवर पाहता येते.

हिशेब असा मांडा. समजा, दुकानात एक गोळी ६ रुपयांना आणि तेच औषध जनऔषधी केंद्रात २ रुपयांना मिळते. चार दिवसांच्या त्रासात फरक १६ रुपयांचा. त्यासाठी एक रोज बुडवून रांगेत उभे राहण्यात अर्थ नाही. पण तीन महिने रोज गोळी लागत असेल, तर दुकानात ५४० रुपये, जनऔषधीत १८० रुपये आणि सरकारी दवाखान्यात औषध उपलब्ध असल्यास शून्य. तेव्हा एका दिवसाची रजा भरून निघते.

चिठ्ठीवर काय लिहिलेले असावे

चिठ्ठी हातात घेतल्यावर डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडण्याआधी तीन गोष्टी पाहा.

पहिली, औषधाचे मूळ नाव. नियमानुसार दुकानदाराला चिठ्ठीवरचा ब्रँड बदलून दुसऱ्या कंपनीचे औषध देता येत नाही, आत औषध तेच असले तरीही. म्हणून चिठ्ठीवर फक्त ब्रँड असेल तर जनऔषधी केंद्रात अडचण येते. डॉक्टरांनी मूळ नाव, वाचता येईल अशा अक्षरांत लिहावे, असे वैद्यकीय परिषदेच्या आचारनियमांत २०१६ पासून आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने याबाबत अधिक कडक नियम आणले, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले. त्यामुळे विनंती तुम्हालाच करावी लागेल: “डॉक्टर, औषधाचे मूळ नाव लिहाल का? जनऔषधीतून घ्यायचे आहे.”

दुसरी, किती वेळा घेता येईल. डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच देता येते. दरवर्षी फाल्गुन-चैत्रात किंवा पूजेच्या दिवसांत त्रास होत असेल तर डॉक्टरांना तसे सांगा. “महिन्यातून एकदा, तीन महिने” असे लिहून मिळाले तर पुढच्या फेऱ्या वाचतात.

तिसरी, तुमचे नाव, तारीख आणि डॉक्टरांची सही. ही नसेल तर चिठ्ठी चालत नाही.

दुकानातून घेताना बिल मागा. सुट्या गोळ्या घेतल्या तर स्ट्रिपचा नाव आणि मुदत छापलेला भाग तुमच्याकडे येईल असे कापून मागा. दुष्परिणाम झाला तर डॉक्टरांना दाखवायला तेवढाच पुरावा असतो.

मग निवड कशी करावी

दुकानातली साधी गोळी पुरेल, जर: वय १८ ते ६० असेल, लक्षणे वर दिल्याप्रमाणे ॲलर्जीच्या सर्दीची असतील, दुसरे कोणतेही औषध चालू नसेल, आणि पाच दिवसांत आराम पडत असेल. परवाना असलेल्या औषध दुकानातून, फार्मासिस्टला विचारून, दुसऱ्या गटातली एकाच औषधाची गोळी घ्या. पाकिटावर आरएक्स खूण असेल तर ती चिठ्ठीशिवाय मागू नका. फोनवरच्या सेवेतून चिठ्ठी घ्या.

चिठ्ठी घ्याच, जर: पाच दिवसांत फरक नसेल, त्रास महिनाभर चालला असेल किंवा दरवर्षी येत असेल, गर्भवती किंवा अंगावर पाजणारी आई असेल, मूल लहान असेल, रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंड, प्रोस्टेट किंवा काचबिंदूचा आजार असेल, किंवा कामच असे असेल की पेंग आली तर जीवावर बेतेल.

थेट दवाखाना गाठा, जर: छातीत घरघर किंवा दम लागत असेल, एकाच नाकपुडीतून रक्त किंवा घाण वास येणारा स्राव असेल, ताप आणि चेहऱ्यात ठणका असेल, खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल. दोन आठवड्यांच्या खोकल्यासाठी क्षयरोगाची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. ॲलर्जी समजून ती लांबवू नका. ओठ-जीभ सुजली आणि श्वास घेता येत नसेल तर एक मिनिटही न दवडता रुग्णालयात न्या. महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

गोळीबरोबर बिनखर्चाचे उपायही करा. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. उशीचे अभ्रे आणि चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. गिरणीत किंवा धुळीच्या कामावर नाकाला स्वच्छ फडके किंवा मास्क बांधा. घरी आल्यावर हात-तोंड धुऊन कपडे बदला.

अजून काय व्हायला हवे

बंदी आणि नियम वाढले, ही चांगली गोष्ट आहे. पण दोन अडचणी शिल्लक आहेत. एक, पाकिटावरचा इशारा बहुतेक वेळा फक्त इंग्रजीत असतो. ज्याच्यासाठी तो लिहिला आहे, त्यालाच तो वाचता येत नाही. चार वर्षांखालील मुलांबाबतचा इशारा मराठीत, बांगलात आणि हिंदीत छापला गेला तर त्याचा उपयोग अनेक पटींनी वाढेल. दोन, कोणती औषधे चिठ्ठीशिवाय, किती दिवस आणि कोणी घ्यावीत याची स्पष्ट यादी नसल्यामुळे तो निर्णय आज दुकानाच्या काउंटरवर होतो. तिथे स्वस्त साध्या गोळीपेक्षा महागड्या जोडगोळीत दुकानदाराचा फायदा जास्त असतो. अशी यादी होईपर्यंत गोळीचे मूळ नाव माहीत असणे हेच ग्राहकाचे संरक्षण आहे.

उपयोगी क्रमांक

• जनऔषधी केंद्रांविषयी माहिती किंवा तक्रार: १८००-१८०-८०८० (मोफत)
• छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतल्यास, राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण: १८००-१११-२५५ (मोफत)

हे पान माहितीसाठी आहे. औषध सुरू करण्याचा, बदलण्याचा किंवा थांबवण्याचा सल्ला तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच घ्या.